दगडाखालची गाडगी

सान मातेओ युकुकोओ,
४ मार्च १९५६

चि. अब्दोन,

तुझा फोटो मिळाला. सगळ्या गावाने पाहिला. बूट इतके चकचकीत आहेत की तोमासाने त्यात आपलं तोंड दिसतंय का ते शोधलं. चेहरा मात्र असा केलायस जणू फोटोवाल्याने तुझं काहीतरी चोरलंय. दात पडले का तुझे राजधानीत? हसत जा जरा.

आता कामाचं. उर्बानो सरपंच आणि आणखी दोघं सोमवारी आपलं कापड घेऊन निघाले. चटईत गुंडाळून, आळीपाळीने पाठीवर घेऊन डोंगर उतरतील आणि खाली बस पकडतील. तुझ्याच कचेरीने गावाकडे जमिनीचा जुना कागद मागितलाय. आपल्याकडे कागद कुठला? आपल्याकडे कापड आहे. त्यावर डोंगर आहे, झरे आहेत, सीमेचे नऊ दगड आहेत आणि वाटांवर आपल्या माणसांची पावलं आहेत. याहून जास्त कागदावर काय असतं ते मला कळत नाही.

डॉन लेओबार्दो म्हणतो, झऱ्यावरचं पाइनचं रान त्याचं. त्याची लाकूडगिरणी रोज थोडी वर सरकते. रान गेलं की झरा गेला, आणि झरा गेला की आम्ही सगळे तुझ्याकडे राहायला येऊ, तुझे बूट पुसायला.

कापड आजवर कधी गावाबाहेर गेलेलं नाही. तू त्या कचेरीत टाइप करतोस आणि मेलितोनचा नातू आहेस. नजर ठेव.

तुझी आत्या,
नासारिया

---

मेक्सिको शहर,
१९ मार्च १९५६

प्रिय आत्या,

सविनय नमस्कार. कापड सुखरूप पोचलं. आमचे तज्ज्ञ बाराहास साहेब जुन्या दस्तऐवजांचे जाणकार आहेत, त्यांचा शब्द कार्यालयात अखेरचा असतो. त्यांनी दोन टेबलं जोडून कापड पसरलं आणि बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग मला बोलावलं, कारण ते माझंच गाव आहे हे त्यांना कळलं होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला बसायला सांगितलं.

मी त्यांना सगळं सांगितलं. दर बावन्न वर्षांनी आपण नवं कापड विणतो, जुन्यावरून रेघन्‌रेघ उतरवतो आणि मग जुनं जाळतो, हे सांगितलं. हे कापड माझ्या आजोबांनी, मेलितोननी, १९१४ साली रंगवलं हेही सांगितलं. साहेब सारखे "असं? असं?" म्हणत लिहून घेत होते. आत्या, माझी छाती अभिमानाने फुगली होती.

काम होईल असं दिसतं. उर्बानोकाकांना बसमध्ये बसवून दिलं. ते ट्रॅफिकला इतके घाबरले की रस्ता ओलांडताना माझा हात सोडेनात. हे गावात सांगू नकोस.

आपला आज्ञाधारक,
अब्दोन

---

सान मातेओ युकुकोओ,
२ एप्रिल १९५६

चि. अब्दोन,

सांगितलं. आता उर्बानो माझ्याशी बोलत नाही.

बरं केलंस आजोबांचं नाव घेतलंस ते. माझ्या बापाने तो लाल रंग तीन वेळा घोटला होता, किडे निवडुंगावरून एकेक वेचून. रंगवून झालं तेव्हा डोळ्यांना धार लागली होती त्याच्या. त्या साहेबालाही कळू दे की आम्ही आमचं कापड फाटू देत नाही. ज्याची जमीन त्याच्याकडे ताजं कापड असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं.

सविनय आणि आज्ञाधारक कोणासाठी रे लिहितोस? मी काय कचेरी आहे?

आत्या

---

मेक्सिको शहर,
२८ मे १९५६

प्रिय आत्या,

पत्राला उशीर झाला. काम फार होतं.

बातमी चांगली नाही. बाराहास साहेबांचा अहवाल आला. त्यातलं वाक्य जसंच्या तसं देतो: "सदर कापड सन १९१४ मध्ये मेलितोन नामक ग्रामस्थाने रंगविलेले असून प्राचीन नाही; सबब जमिनीच्या हक्काचा पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही." थोडक्यात, कापड खोटं ठरलं. साहेबांनी रंग भिंगाखाली तपासला. विज्ञानापुढे कोणाचं चालत नाही.

लेओबार्दोचे वकील आता अर्ज पुढे रेटतील. नव्वद दिवसांत गावाने दुसरा पुरावा दिला नाही तर झऱ्यावरचं रान त्याच्या नावावर चढेल. मी काय करू शकतो, आत्या? मी फक्त टाइप करतो. तो अहवालही मीच टाइप केला.

अब्दोन

---

सान मातेओ युकुकोओ,
१० जून १९५६

अब्दोन,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा शिव्या दिल्या. तिसऱ्यांदा विचार केला.

काय रे, त्या भिंगाला माझ्या बापाचं नाव कसं दिसलं? किड्याच्या रंगातून साल कळतं? मेलितोन म्हणून लिहिलेलं असतं का लालात? ते तू सांगितलंस. मार्चच्या पत्रात तूच लिहिलंयस आणि मीच त्यावर "बरं केलंस" म्हटलंय. मग आता भिंगाच्या मागे कशाला लपतोस?

ऐक. तू खरं बोललास. त्याने त्याचं खोटं केलं, कारण त्याच्या डोक्यात जुनं म्हणजे कुजलेलं. ही चूक तुझी, माझी आणि साऱ्या गावाची. आम्हाला वाटलं, काळजी घेतली हे सांगितलं की माणूस मान देतो. मला राग त्या चुकीचा नाही. मला राग लपवण्याचा आहे. माझ्याशी खोटं बोललास तर तिथे येऊन सगळ्या टायपिस्टांसमोर कान उपटीन.

आता पुराव्याचं. जुनं कापड जाळलं की राख कुठे जाते, हे तुला ठाऊक नाही, कारण तुझ्या बापालाही ठाऊक नव्हतं. ती गाडग्यात भरतात. वर उरलेला रंग ओततात, चुन्याने तोंड बंद करतात आणि सीमेच्या प्रत्येक दगडाखाली एकेक गाडगं पुरतात, आधीच्या गाडग्यावर. हे पुरुषांचं काम. पण १९१४ साली, क्रांतीच्या लढाईत, गावात पुरुष होते कुठे? कोणी या सेनापतीबरोबर तर कोणी त्या सेनापतीबरोबर, एकमेकांवरच गोळ्या झाडत होते. घरी उरले माझा म्हातारा बाप आणि आम्ही बायका. मी सतरा वर्षांची होते, पोटुशी. नऊच्या नऊ दगडांशी गाडगी आम्ही नेली. त्या बायकांपैकी आता तिघी उरलोय: मी, तोमासा आणि आंधळी पान्फिला.

लेओबार्दोच्या बापाने तीस वर्षांपूर्वी झऱ्यावरचा दगड उखडून झऱ्याच्या खाली नेऊन रोवला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याने फक्त दगड नेला. खालची गाडगी त्याला कशी माहीत असणार? ती अजून तिथेच आहेत.

गावच्या सभेत मी हे बोलले तर उर्बानो म्हणतो, "अक्का, नवं कापड रंगवायच्या सालाशिवाय दगडाखाली खणायचं नसतं. पाऊस रुसेल." दुसरा म्हणतो, "आणि सीमेचं बायकांनी कशाला बोलावं?" मी म्हटलं, "तुम्ही बोला ना. कुठे आहेत गाडगी, सांगा!" सगळे टोप्यांकडे बघायला लागले.

तू तिथून मोजणीचा माणूस पाठव. तसा नियम असेल तर शोध, नसेल तर नीट शोध.

आत्या

---

मेक्सिको शहर,
२५ जून १९५६

आत्या,

हो. मीच सांगितलं होतं. आणि अहवाल टाइप करताना आजोबांच्या नावापाशी बोटं थांबली, तरी मी पुढचं अक्षर दाबलं. त्या दिवसापासून मला जेवण गोड लागत नाही. हे तुला सांगायला मला तुझ्या शिव्या लागल्या.

नियम आहे. गावाने मागणी केली तर जागेवर पाहणी करावी लागते. मी अर्ज तयार केला, उर्बानोकाकांच्या अंगठ्याची वाट न पाहता "गावातर्फे" म्हणून स्वतःच सही केली आणि योग्य त्या ढिगाच्या सर्वांत वर ठेवला. बाराहास साहेबांनी बोलावून विचारलं, "तू इथला कर्मचारी की तिथला गावकरी?" मी ततपप केलं. बाहेर आल्यावर उत्तर सुचलं, पण तोवर दार बंद झालं होतं.

इंजिनिअर १७ जुलैला येईल. तरुण आहे आणि उत्तरेकडचा आहे. त्याला चिखलाची सवय नाही. सांभाळून घ्या.

अब्दोन

---

सान मातेओ युकुकोओ,
१९ जुलै १९५६

चि. अब्दोन,

बस आणि वाच. उभ्याने वाचायचं पत्र नाही हे.

इंजिनिअर आला. पोरगा चांगला आहे, दोनदा घसरून पडला तरी हसला. लेओबार्दोचा मुकादम दोन घोडेस्वार घेऊन आधीच येऊन बसला होता. आमचं अर्धं गाव होतं. आम्ही तिघी म्हाताऱ्या पुढे. पान्फिला तोमासाच्या खांद्याला धरून आणि मी ताडाच्या पात्यांची टोपी विणत. विणताना पाय बरोबर पडतात माझे.

मुकादमाने झऱ्याखालचा दगड दाखवला. "हा सीमेचा दगड. इथून वरचं सगळं आमच्या मालकांचं."

मी म्हटलं, "खणा खाली."

"कशाला?"

"आमच्या प्रत्येक दगडाखाली गाडगी असतात. हा आमचा असेल तर याच्याही खाली असतील."

इंजिनिअरने माणसं लावली. कमरेइतका खड्डा झाला. निघालं काय, तर एक गंजलेला नाल. मुकादम म्हणाला, "बघा, यांच्या गोष्टी! गाडगी म्हणे." मी म्हटलं, "थांब बाबा, आता तुझा दगड कुठून चोरला ते दाखवते."

मग झऱ्याच्या वर चढलो. बेचाळीस वर्षांनी, अब्दोन! झाडं मोठी झालेली, वाट बुजलेली. ओकाचं एक झाड आठवत होतं, तिथे ओकाची पाच झाडं. तोमासा म्हणे डावीकडे, मी म्हणे उजवीकडे. १९१४ सालीही आम्ही तिथेच भांडलो होतो, गाडगं कोणी धरायचं म्हणून. मुकादम शीळ घालायला लागला. माझे हात विणायचे थांबले. खरं सांगते, मला भीती वाटली.

पान्फिला म्हणाली, "अगं, भांडता काय? मला खडकाशी न्या. आपण चुना कुटला होता ना, त्याचा खळगा असेल." तिला एकेका खडकाशी नेलं. ती हाताने चाचपत राहिली, लेकराच्या अंगावरून फिरवावा तसा हात फिरवत. चौथ्या खडकाशी थांबली आणि हसायला लागली. "हा बघ. माझी मूठ अजून बसते." खळग्यात शेवाळ होतं. शेवाळाखाली पांढरं होतं.

त्या खडकाच्या पुढे सात पावलं, ओकाच्या बुंध्याशी. आमच्यातला एक पुरुष कुदळ उचलेना. उर्बानो म्हणाला, "अक्का, सालाआधी खणलं तर पाऊस जाईल."

"उर्बानो," मी म्हटलं, "लेओबार्दोच्या बापाने दगडच उपटून नेला. गेला पाऊस त्याच्याबरोबर?"

मी टोपी खाली ठेवली, त्याच्या हातातली कुदळ घेतली आणि पहिला घाव मीच घातला. एकोणसाठ वर्षांची बाई किती खणणार? पण तिसऱ्या घावाला उर्बानोने कुदळ परत घेतली. म्हणाला, "सर बाजूला, तुला जमत नाही." इतका गोड मला तो जन्मात कधी वाटला नव्हता.

पहिलं गाडगं हातभर खाली निघालं. तोंडावरच्या चुन्यात माझ्या अंगठ्याचा ठसा होता. तो मीच उठवला होता, चुना ओला होता म्हणून गंमत म्हणून. आत राख आणि वाळलेला लाल रंग. मी तिथेच फतकल मारून रडले आणि मला लाज वाटली नाही. त्याखाली दुसरं. त्याखाली तिसरं.

मुकादम म्हणाला, "गेल्या आठवड्यात पुरली असतील."

इंजिनिअर खड्ड्यात उतरला होता. चौथं गाडगं काढता येईना. ओकाचं मूळ त्याच्या तोंडातून आत शिरून बूड फोडून बाहेर आलं होतं, माझ्या मनगटाएवढं जाड. तो पोरगा म्हणाला, "हे मूळही गेल्या आठवड्यात पुरलं का?" गाव असं हसलं की मुकादमाचा घोडा बिथरला.

सगळं लिहून, मोजून, फोटो काढून नेलंय. आणि उर्बानोला सांगते आहे ते तुलाही सांगते: काल दुपारपासून पाऊस थांबलेला नाही.

आत्या

---

मेक्सिको शहर,
२० ऑगस्ट १९५६

आत्या,

रान आपलं झालं! झरा आपला! निकाल मी टाइप केला आणि या वेळी एकही अक्षर चुकलं नाही. नऊही दगड कापडावर आहेत तिथेच धरायचे, लेओबार्दोचा अर्ज फेटाळला. तुमच्या तिघींची नावं त्यात आहेत, साक्षीदार म्हणून, पूर्ण नावांनिशी.

पण आणखी एक आहे. बाराहास साहेब आता म्हणतात की असं कापड देशात दुसरं नाही. चार जुन्या कापडांची अखंड परंपरा आहे, म्हणून ते सरकारी संग्रहात काचेआड राहिलं पाहिजे. खोटं होतं तेव्हा न्या म्हणत होते, खरं ठरल्यावर देत नाहीत. त्यांनी दानपत्र तयार केलंय: गाव हे कापड राजीखुशीने राष्ट्राला अर्पण करत आहे. गावातर्फे अर्जावर मी सही केली होती, म्हणून यावरही मीच करायची. केली तर मला संग्रहात वरची जागा, स्वतःचं टेबल, खिडकीशी. नाही केली तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. फक्त माझ्या बुटांकडे पाहून म्हणाले, "इथवर यायला तुला बरंच चालावं लागलं असेल."

दानपत्र तीन प्रतींत माझ्या खणात आहे. आत्या, काचेआड ते सुरक्षित राहील असंही मनात येतं. तू सांग.

अब्दोन

---

सान मातेओ युकुकोओ,
२ सप्टेंबर १९५६

चि. अब्दोन,

सही कर की नको, ते मी सांगणार नाही. तू लहान नाहीस. गावाने काय ठरवलं तेवढं सांगते.

सभेत दोन दिवस आरडाओरडा झाला. काही म्हणाले जाऊन हिसकावून आणू, काही म्हणाले पाया पडू. शेवटी पान्फिला म्हणाली, "ते कापड दहा वर्षांनी आपण जाळणारच होतो. ते लोक आपली राख काचेत ठेवतायत. ठेवू द्या की." मग सगळे हसायला लागले.

तर बाराहासला गावाचं उत्तर हे. हवं तर टाइप कर: गाव कापड दान करत नाही. तुम्ही ते ठेवून घेतलंत. ठेवून घ्यायचं असेल तर खाली तसंच लिहा, "हिसकावून घेतलेलं" म्हणून, मोठ्या अक्षरांत, लांबून वाचता येईल असं.

आम्ही नवं करतोय. दहा वर्षं आधी, पण दगडाखाली खणलंच आहे तर साल आलं असं समजायचं. तोमासाने आणि मी कमरेला माग बांधून कापड विणलं. उतरवायला जुनं समोर नाही, म्हणून अख्खं गाव चार दिवस सीमा चाललं आणि फेलिसियानो मेणबत्त्यावाल्याने चालत चालत काढलं. त्यात लाकूडगिरणी आहे, तोंड खाली केलेली. इंजिनिअर आहे, घसरलेला. आणि आम्ही तिघी आहोत. पुरुष म्हणाले, "कापडावर बायका कधी नव्हत्या." मी म्हटलं, "मग गाडगी काय उंदरांनी पुरली?" तर आम्ही आहोत.

दोन गोष्टी अडल्यात. एक, गाडग्यांत भरायला जुन्या कापडाची राख हवी आणि कापड तिकडे आहे. राखेशिवाय गाडगं पुरता येत नाही.

दुसरी, फेलिसियानो विचारतो, अब्दोनचं काय? गावातून राजधानीकडे जाणारी तुझी पावलं त्याने काढली आहेत. परतीची काढायची की नाहीत? वाटेवर जागा सोडून तो थांबलाय. सान मातेओच्या जत्रेला, एकवीस तारखेला, कापड गावाला दाखवायचं आहे, तोवर कळव. आणि बुटांचं काही चालणार नाही. आपल्या कापडावर कोणाच्याच पायात काही नसतं.

तुझी आत्या

---

मेक्सिको शहर,
१२ सप्टेंबर १९५६

आत्या,

गावाचं उत्तर टाइप केलं, चार प्रतींत, "हिसकावून घेतलेलं" मोठ्या अक्षरांत. खाली माझी सही केली आणि सहीखाली लिहिलं: मेलितोनचा नातू, सान मातेओ युकुकोओचा गावकरी. जूनमध्ये बंद दारापाशी जे उत्तर सुचलं होतं ते हेच होतं. या वेळी दार बंद व्हायच्या आत दिलं. साहेबांनी वाचलं आणि सांगितलं की उद्यापासून येऊ नकोस. मी म्हटलं, आजपासूनच नाही येत.

गाडग्यांसाठी राखेची काळजी करू नका. त्यांचं दानपत्र माझ्याकडे आहे, तिन्ही प्रती, सहीविना. आणि आपलं कापड खोटं म्हणणाऱ्या त्या अहवालाची कार्बन प्रतही. नऊ गाडग्यांना पुरेल. काडी उर्बानोकाकांना लावू दे, ट्रॅफिकची गोष्ट फोडल्याबद्दल मी त्यांचं देणं लागतो.

अठराला खालच्या रस्त्याशी बसमधून उतरेन. तिथून वर चालत. फेलिसियानोला सांग, पावलं परतीची काढ. अनवाणी.

अब्दोन